मांडीवरचा चौकोन

भिको, तुझ्या मांडीवर डॉक्टरांनी जांभळ्या शाईने आखलेला चौकोन मी घासून पुसला. शिकेकाई लावून, काथ्याने, गरम पाण्याने, चतुर्थीच्या सकाळी. एवढं पहिल्यांदा लिहून टाकतो. तू असतास तर हे चारचौघांत तूच आधी सांगितलं असतंस, असं कोणालाही वाटेल. तू सांगितलं नसतंस. साडेचार वर्षं सांगितलं नाहीस. माझं तुझ्याशी भांडण आहे ते त्याचंच.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. लोक ओटीवर येऊन बसतात आणि तू किती चांगला होतास ते मला सांगतात. मी मान हलवतो. परवा भटजी म्हणाले, "मनाने निर्मळ माणूस." मला ठसका लागला. लोकांना वाटलं, हुंदका. माझी बहीण सुलू हिने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि माझ्याकडे असं बघितलं की तो हुंदका नव्हता हे तिला कळलंय, एवढं मला कळलं.

निर्मळ म्हणे. मराठी शाळेत तिसरीत असताना माझी टोपी खाडीत फेकून "जा, काढ" म्हणून मला ढकलणारा तू. मला पोहता येत नव्हतं हे तुला माहीत होतं. मग उडी टाकून मला बाहेर काढलंस, ते शेंडीला धरून. टोपी गेली ती गेलीच. घरी मार मी खाल्ला, आणि माझ्या आईने जीव वाचवला म्हणून तुला खोबऱ्याची वडी दिली. ती तू माझ्यासमोर बसून खाल्लीस. अशा माणसाला पुढे माझी सख्खी धाकटी बहीण द्यावी असं घरच्यांना वाटलं. मी मुंबईहून तीन पत्रं लिहिली, तीन चांगली स्थळं सुचवली. ती पत्रं चुलीत गेली आणि मिठबावातल्या मिठबावात होड्या बांधणारा सुतार पसंत झाला. लग्नातल्या कानपिळीचा मान तेवढा माझ्याकडे होता. तो विधी मी मनापासून केला. दोन दिवस तुझा कान लाल होता, असं सुलू म्हणाली.

मग तुझ्या मांडीला गाठ आली. उजव्या मांडीला, मागच्या बाजूला, सुपारीएवढी. तू म्हणालास, लाकूड लागलं असेल. वैद्याने लेप दिला, गाठ रातांब्याएवढी झाली. लेप बदलला, ती पेरूएवढी झाली. तेव्हा कुठे सुलूने मला पत्र घातलं: "दादा, ह्यांका मुंबयेक घेऊन जा." गिरगावात माझी खोली होती, कचेरीत कारकुनी होती, आणि डॉक्टरांशी शुद्ध मराठीत बोलू शकेल असा घरात मी एकटाच होतो. तुझ्या नशिबात मी आलो तो असा.

पहिल्यांदा गाठ कापली. सहा महिने बरे गेले, आणि ती त्याच जागी परत आली. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, "ही गाठ फार क्वचित होते. मी आयुष्यात याआधी एकच बघितली आहे." तिचं लांबलचक इंग्रजी नाव त्यांनी उच्चारलं, ते मी बसच्या तिकिटामागे लिहून घेतलं आणि खाटेपाशी येऊन तुला वाचून दाखवायला गेलो. मधला एक तुकडा गळाला. पुन्हा वाचलं, दुसरा गळाला. तू शेजारच्या पेशंटला म्हणालास, "माज्या दुखण्याचा नाव पण हेका वाचूक येणा नाय. आणि ह्यो माका बरो करतलो."

डॉक्टर म्हणाले होते, एकट्या सुरीचं हे काम नाही. आधी पुन्हा कापायचं, पहिल्यापेक्षा रुंद. जखम भरली की त्या जागी किरणांचा शेक द्यायचा, रोज थोडा थोडा, सहा आठवडे. आणि गाठ आणखी कुठे निघालीच तर शिरेतून औषध. "तिन्हींची सांगड आहे," ते म्हणाले. "एक संपलं की दुसरं, ठरल्या दिवशी. मध्ये खंड पडता कामा नये."

मी गंभीरपणे मान हलवली. कळलं काहीच नव्हतं. कळलं तुला. बाहेर बाकावर बसून तू मलाच समजावलंस. "रे कारकुनड्या, होडी गळाक लागली तर काय करतत? कुजको फळो काढतत. सांध्यात कापूस ठासतत. वरसून राळ आणि तेल लावतत. ह्यातला एकच केलांस तर पाणी भितर येता. आणि अर्ध्यात सोडून जेवक गेलंस तरी येता. कळला?"

मी कळलं म्हणालो.

दुसरं ऑपरेशन झालं, महिन्याभराने शेक सुरू झाला. पहिल्या दिवशी तुला पालथं झोपवून तिथल्या माणसाने मोजमाप घेतलं आणि मांडीवर मागून जांभळा चौकोन आखला. तुला तो दिसत नव्हता, तरी पट्टी कातडीवर कुठून कुठे सरकली त्यावरून तुला शंका आली. पालथ्यानेच विचारलंस, "गुण्यो लावन बगलात काय? माका ह्यो काटकोन वाटणा नाय."

"काय म्हणतायत?" त्या माणसाने मला विचारलं.

"आभार मानतायत," मी म्हणालो.

मग त्याने मला बजावलं, ही शाई जाता कामा नये. या रेघांवरच रोज किरण पाडायचे असतात. त्या जागेला पाणी लावू नका, साबण नको, चोळू नका. हे मला सांगितलं, भिको. तुला नाही. दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी हेडक्लार्कपुढे हलवतो तशी मान हलवली.

बारा शेक झाले आणि चतुर्थी आली.

इथे लोकांचा समज आहे की तू हट्ट धरलास. भिकोच्या घरचा गणपती, त्यावर टांगायची भिकोच्या हातची माटवी, तो कसला मुंबईत राहतोय. मी कधी तो समज दूर केला नाही, आज करतो. तू नको म्हणाला होतास. "होडी अर्धी ठासून कोण पाण्यात लोटता?" हे तुझे शब्द. मला राहवेना. कारण देवाचं सांगितलं, पण खरं कारण असं होतं की मला गावात मिरवायचं होतं. एवढ्या मोठ्या इस्पितळात मेव्हण्याला मी घातलं, मोठे डॉक्टर माझ्याशी बोलतात, हे सांगायला मला आरतीला जमलेलं गाव हवं होतं. मी डॉक्टरांना अर्जच दिला, कचेरीत देतो तसा: धार्मिक कारणास्तव चार दिवसांची रजा मंजूर व्हावी. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "जायचंच असेल तर चार दिवस. पाचव्या दिवशी इथे."

पावसाळ्यात आगबोट बंद. रेल्वेने कोल्हापूर, तिथून एस.टी.ने फोंडाघाट उतरून कणकवली, आणि पुढे गाव. तुझा पाय नीट वाकत नव्हता. वाटभर तू मला शिव्या घातल्यास, आणि त्या सगळ्या मला लागू होत्या.

चतुर्थीच्या सकाळी न्हाणीत तुला दाराची चौकट धरून उभं करून मीच आंघोळ घातली. मांडीमागे तो जांभळा चौकोन. आता पंचा नेसून हा देवापुढे बसणार, भटजी बघणार, चार लोक बघणार, काय लागलंय म्हणून विचारणार. आणि माझ्या कारकुनी डोक्यात एक विचार आला, तो इथे जसाच्या तसा लिहितो. कचेरीत मसुदा टाइप होऊन गेला की त्याच्यावरच्या पेन्सिलीच्या खुणा आम्ही खोडून टाकतो. चौकोन आखून झाला, बारा शेक झाले, आता खुणेचं काय काम?

सुलू गरम पाण्याचं भांडं घेऊन आली. "दादा, पुसूचा आसा काय ता?"

मी म्हणालो, "डॉक्टरांशी बोलणं माझं झालंय."

तू तेव्हा दारातून मान वर करून चुलतभावावर ओरडत होतास. तो गणपतीच्या वरची माटवी बांधत होता, आणि सुपारीचा घोस त्याने डावीकडे जास्त घेतला होता. "रे, ती कलली मरे. तुका डोळे आसत काय?" मागे मी घासत होतो. शेकाने कातडी तांबूस झालेली. तू एकदा एवढंच म्हणालास, "हळू रे, रंधो मारतंस काय?"

मग पाणी वाहिलं. जांभळं पाणी न्हाणीच्या मोरीतून केळींच्या मुळाशी गेलं. तू ते बघितलंस. पाण्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. मी काथ्या हातात धरून उभा. तू पुन्हा मान वर केलीस आणि चुलतभावाला म्हणालास, "उजवीकडे घे. आणखी. हां."

पाचव्या दिवशी मुंबईत पोचायचं होतं. घाटात दरड आली. एस.टी. कणकवलीला थांबली ती थांबलीच. चाराचे अकरा दिवस झाले. इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी तुला पालथं झोपवलं आणि चष्मा पुसून मांडीवर वाकले.

"रेघा कुठे गेल्या?"

मी टोपी काढून हातात धरली.

आणि तू, पालथा, उशीत तोंड, म्हणालास, "मी पुसलंय, सायेब. देवाक बसाचा होता."

डॉक्टर तुला पंधरा मिनिटं बोलले. जगायचं आहे की नाही, इथे आम्ही खेळ मांडलाय का, अशा माणसांवर उपचार करून काय उपयोग. प्रत्येक शब्द माझ्या वाट्याचा होता आणि तू तो पालथा पडून घेतलास. नवीन चौकोन आखायला फिल्म काढून मोजमाप पुन्हा करावं लागलं, यंत्रावर तुझा नंबर यायला आणखी आठवडा गेला. बाहेर बाकावर आल्यावर मी वाट बघत बसलो. आता हा मला धुणार. तुझी जीभ मला ठाऊक होती. चहा गार मिळाला म्हणून तू माझ्या सात पिढ्या काढायचास.

तू म्हणालास, "च्या पिवया."

त्या दिवसापासून तू मला सहन होत नाहीस. कोणी सांगितलं होतं तुला मोठेपणा करायला? तुला जमत नव्हता तो. माझी टोपी खाडीत फेकणारा माणूस तू, तेवढाच राहायचं होतंस. शिव्या दिल्या असत्यास, मी उलट दिल्या असत्या, दोन महिने बोलणं बंद ठेवलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. तू त्यावर झाकण ठेवलंस, आणि मी साडेचार वर्षं त्या झाकणाकडे बघत बसलो.

बाकी माझी एकही फजिती तू सोडली नाहीस. राहिलेले शेक पुरे झाले, दोन वर्षं बरी गेली, लंगडत का होईना कामाला लागलास, आणि होडीवर वाकसाने लाकूड तासता तासता माझी एकेक गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचास. लघवीची बाटली मी डोळ्यांच्या विभागात नेऊन दिली ती. परिचारिकेला इंग्रजीत उत्तर देताना "मीच पेशंट" म्हणालो आणि तिने मला खाटेवर बसवलं ती. मी समोर असलो तर जास्त रंगवून. दर चतुर्थीला मी सुटी काढून येत होतो आणि न्हाणीजवळून जाताना वाटायचं, आज हा बोलणार. तू माटवीवरून कोणालातरी शिव्या घालत असायचास.

मग खोकला आला. मुंबईत फिल्म काढली. छातीत तीन ठिपके. मांडीतली गाठ छातीत जाऊन बसली होती.

मी डॉक्टरांना एकट्याने गाठलं. विचारलं, "मध्ये खंड पडला त्याने झालं का?"

ते सरळ माणूस होते. म्हणाले, "सांगता येत नाही. ती आधीच तिथे पोचली असेल, आपल्याला दिसत नसेल. खंड पडला नसता तर झालंच नसतं असंही नाही. पडायला नको होता, एवढं खरं."

यातलं कुठलं वाक्य धरायचं, मला अजून कळलेलं नाही. दिवसा पहिलं धरतो.

पुन्हा सांगड ठरली. फुफ्फुसाच्या कडेचा मोठा ठिपका कापून काढायचा, उरलेल्यांसाठी शिरेतून औषध, महिन्यातून काही दिवस, प्रत्येक वेळी आधी रक्त तपासून. पांढऱ्या पेशी कमी झाल्या तर थांबायचं, वाढल्या की पुढची सुई. हे सुरू व्हायच्या आधी सुलूने देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकाराने मला विचारलं, देवाला नेमकं काय काय सांगायचं. मी झालेले आणि व्हायचे सगळे उपचार क्रमाने लिहून दिले. तो उभा राहिला, हात जोडले आणि सुरू झाला: डॉक्टराच्या सुरयेक येस दी म्हाराजा, किरणांका येस दी म्हाराजा, सुयेक येस दी म्हाराजा. प्रत्येकाला गाव म्हणतोय, व्हय म्हाराजा. आणि शेवटी, "आणि ह्येच्या मेव्हण्याक थोडी अक्कल दी म्हाराजा." सगळ्यात मोठा होकार त्याला मिळाला. हे माझ्या कागदावर नव्हतं. तू खांबाला टेकून देवाकडे भक्तिभावाने बघत होतास.

आता वाईट ते पण लिहितो. सुईच्या दिवसांत तू माणसासारखा राहत नव्हतास. उलट्या व्हायच्या, केस उशीवर यायचे. मी भाताची पेज घेऊन आलो की ताटली भिंतीवर. एकदा सुलू मुद्दाम गावाहून आली होती, तिला म्हणालास, "तुज्या भावान माका हय मारूक आणल्यान हा." मस्करी नव्हती ती. तिने पदर तोंडाला लावला आणि व्हरांड्यात गेली. मी तुझ्या उलटीचं भांडं धरून उभा होतो आणि माझ्या मनात आलं, सोडून द्यावं हे भांडं आणि चालू लागावं. भांडं सुटलं खरं. मी चक्कर येऊन पडलो होतो. शुद्धीवर आलो तेव्हा वॉर्डबॉय माझ्या तोंडावर पाणी मारत होता आणि तू वॉर्डाला सांगत होतास, "पेशंट तो आसा. हेका खाट देवा."

पण मोठा ठिपका निघाला, उरलेले थांबले. हेही लिहायला हवं, मला आवडो न आवडो. वर्ष-सव्वा वर्ष ते तेवढेच राहिले. डॉक्टर फिल्म उजेडाला धरून दर वेळी मला दाखवत आणि आपल्या शिकाऊ डॉक्टरांना बोलावून बघायला लावत. सुरी, शेक, सुई, तिघांनी मिळून हे केलं, म्हणत. गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तू पेडण्याच्या एका ख्रिस्ती व्यापाऱ्यासाठी होडी बांधलीस. धाप लागायची, म्हणून खुर्चीत बसून बांधलीस, म्हणजे दुसऱ्यांकडून बांधून घेतलीस आणि बोट दाखवून सगळ्यांचा जीव नकोसा केलास. ती पाण्यात लोटली तेव्हा दोराला मीपण होतो. हाताला फोड आले. तू खुर्चीतून म्हणालास, "कारकुनाक वोढूक सांगू नकात, होडी उलटी येतली." ती सुळकन पाण्यात गेली, थोडी डोलली आणि सरळ उभी राहिली. तू डोळे पुसलेस आणि वारा आहे म्हणालास. वारा नव्हता. तो दिवस मला तुझ्यामुळे मिळाला. त्याबद्दल तुझे उपकार आहेत, आणि ते मानताना माझ्या जिवावर येतं.

या वर्षी शिमग्यानंतर सुई लागू पडेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता घरी न्या. तू पंधरा दिवस पडवीत खाटेवर होतास. एका दुपारी सुलू विहिरीवर गेली होती, आपण दोघेच. मी सगळं धैर्य गोळा केलं. म्हणालो, "भिको, तो चौकोन..."

तू डोळे मिटूनच म्हणालास, "माळ्यार रंधो आसा. खाली काढ. गंजता तो."

मी उठलो. शिडी लावली, माळ्यावर चढलो, अंधारात चाचपडून रंधा काढला, फडक्याने पुसला, तेल लावलं. सांगितलेलं काम करायची मला सवय. खाली आलो तर तू झोपला होतास, किंवा तसं दाखवत होतास. आणि चौथ्या दिवशी गेलास. विचारायचं राहिलं ते एवढंच: तू मला माफ केलं होतंस, की माझ्यामुळे मेलास असं तुला वाटत होतं आणि ते सुलूला कळू नये म्हणून गप्प राहिलास? दुसरं असेल तर तो तुझा चांगुलपणा माझ्यासाठी नव्हता, तिच्यासाठी होता. तेही मला चाललं असतं. पण सांगायला हवं होतंस.

काल मला राहवलं नाही. सुलू मागल्या दारी रातांबे फोडत बसली होती, हात कोपरापर्यंत लाल. मी तिच्यापुढे पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं ते. तू गावी यायला नको म्हणाला होतास ते. इस्पितळात तू माझी चूक स्वतःवर घेतलीस ते. डॉक्टर काय म्हणाले ते, शब्द न बदलता. आणि शेवटी म्हणालो, "सुलू, माझ्या हाताने तुझा नवरा गेला असं मला वाटतं."

तिने दोन रातांबे फोडले. बिया एका बाजूला केल्या, साली सुपात टाकल्या. मग मान वर न करता म्हणाली, "दादा, जन्मात तुका एक काम धड जमलां नाय. आणि माणूस मारूचा तेवढा जमलां, असां वाटता तुका?"